मेंदूतल्या चॅनेल प्रथिनांना एटीपी लागतं का?

तुम्ही विचारलंय की मेंदू एवढी ऊर्जा खातो, त्यात पेशीपटलावरच्या चॅनेल प्रथिनांचा, म्हणजे आयन (विद्युतभारित कण) आत-बाहेर सोडणाऱ्या दारांचा, हात किती, आणि ती उघडायला एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जा पुरवणारं इंधन, लागतं का. मी काही वर्षं पॅच क्लॅम्पवर, म्हणजे पेशीपटलातून जाणारा इवलासा विद्युतप्रवाह मोजायच्या तंत्राने, या चॅनेलचेच प्रवाह मोजत होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चॅनेलमधून आयन जायला एटीपी जळत नाही. गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. नळ सोडला की पाणी आपसूक खाली येतं. विजेचं बिल येतं ते पाणी वर चढवणाऱ्या मोटरचं. न्यूरॉनमध्ये, म्हणजे मेंदूच्या चेतापेशीत, चॅनेल हे नळ, आणि मोटर म्हणजे सोडियम-पोटॅशियम पंप. डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कोऊ यांनी तो 1957 साली दाखवला, नोबेल मिळालं 1997 साली. एका एटीपीमागे तो 3 सोडियम बाहेर काढतो आणि 2 पोटॅशियम आत घेतो. मेंदूचं वजन शरीराच्या 2 टक्के, खर्च मात्र सुमारे 20 टक्के, आणि त्यातला फार मोठा वाटा या मोटरचा.

मग नळ किती वेळ उघडा राहतो, यावर बिल ठरतं. हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी माकुळाच्या जाड चेतातंतूवर मोजमापं केली होती. तिथे सोडियमचा नळ बंद व्हायच्या आतच पोटॅशियमचा उघडतो, त्यामुळे बरंचसं सोडियम फुकट आत येतं. त्यावरून तंतूतून धावणाऱ्या एका विद्युत स्पंदाचा खर्च किमान गरजेच्या चौपट धरला जायचा. 2009 साली उंदरांच्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागातल्या तंतूंवर मोजलं तर तो निघाला जेमतेम 1.3 पट. सोडियमचे चॅनेल तिथे चटकन मिटतात आणि पोटॅशियमचे जरा उशिरा उघडतात, हा फरक.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो के-एटीपी चॅनेल, म्हणजे एटीपी असलं की मिटणारा पोटॅशियमचा नळ. हा नळ मोटरला वीज किती उरलीय ते बघून वागतो. काचेच्या नळीच्या टोकाला पटलाचा इवलासा तुकडा चिकटवून मी तो पेशीपासून ओढून काढायचो. द्रवात एटीपी नसेल तर स्क्रीनवरची सपाट रेघ पायऱ्यापायऱ्यांनी हलायला लागायची. एकेक पायरी म्हणजे एकेक चॅनेल, काही पिकोअँपिअरची (अँपिअरच्या अब्जाव्या भागाचाही हजारावा भाग). एटीपी सोडलं की रेघ पुन्हा सपाट. अकिनोरी नोमा यांनी 1983 साली हृदयाच्या पेशीत हेच पाहिलं होतं. पुढे तो स्वादुपिंडात आणि मेंदूतही सापडला.

न्यूरॉनमध्ये एटीपी घटलं की हा चॅनेल उघडतो, पोटॅशियम बाहेर जातं, पेशी गप्प होते आणि पंपावरचा भार उतरतो. 2001 सालच्या एका प्रयोगात हा चॅनेल नसलेल्या उंदरांना ऑक्सिजन थोडाच वेळ कमी पडला, तरी झटके येऊन ते दगावले. साधे उंदीर सावरले.

उलट बिघाडही होतो. ज्या जनुकावरून हा चॅनेल बनतो त्या केसीएनजे-11 मधल्या काही बदलांमुळे तो एटीपीला जुमानत नाही, उघडाच राहतो. स्वादुपिंडातल्या पेशीही मग गप्प राहतात आणि इन्सुलिन सोडत नाहीत. त्यामुळे बाळाला जन्मानंतर काही आठवड्यांत मधुमेह होतो, आणि काहींना झटके येतात, वाढही मागे पडते. हे कारण 2004 साली कळलं. यातल्या बऱ्याच मुलांचं इन्सुलिनचं इंजेक्शन सुटून ग्लिबेनक्लामाइडच्या गोळीवर भागतं, कारण ती गोळी हाच चॅनेल बंद करते. तुमच्या ओळखीत सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मधुमेह निघाला असेल, तर डॉक्टरांना जनुक तपासणीबद्दल नक्की विचारायला सांगा.