वजन बेताचे, तरी साखर वाढलेली

या महिन्यात आलेल्या तीन पत्रांचा विषय मुळात एकच असल्याने त्यांची उत्तरे एकत्र देत आहे. पहिले उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या दोन्ही उत्तरांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न : माझे वय ४१ वर्षे आणि उंची १६८ सेंटिमीटर. वजन ६२ किलो असताना झालेल्या तपासणीत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा टक्का) ६.१, ट्रायग्लिसराइड (रक्तातला मेद) २१० आणि एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) ३४ निघाले. यकृतावर चरबी असल्याचेही सोनोग्राफीत दिसले. मी लठ्ठ नाही, गोडही फारसे खात नाही. ओळखीचे लोक म्हणतात, काळजीचे कारण नाही. मी मात्र घाबरून रात्रीचे जेवण बंद केले आणि वजन तीन किलोंनी उतरवले. हे योग्य आहे का? — एक वाचक, पुणे

उत्तर : सर्वप्रथम, रात्रीचे जेवण पुन्हा सुरू करा. तुमची काळजी रास्त आहे, पण तुम्ही योजलेला उपाय चुकीच्या ठिकाणी लागू पडतो आहे.

तपासणीच्या वेळी तुमचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय, सुमारे २२ होता आणि भारतीयांसाठी २३च्या आतला आकडा योग्य मानला जातो. मात्र बीएमआयवरून उंचीच्या मानाने एकूण वजन किती एवढेच कळते. त्या वजनात स्नायू किती, चरबी किती आणि ती चरबी शरीरात कुठे साठली आहे, हे त्यातून कळत नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण तुमच्याच शहरातले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःच्याच शरीराची मापे प्रसिद्ध केली. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. त्याआधी पुण्याजवळच्या खेड्यांत झालेल्या अभ्यासात तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो आढळले होते. आपली बाळे स्नायूंच्या बाबतीत बरीच मागे होती, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे या शरीररचनेची सुरुवात गर्भातच होते, आणि म्हणूनच तुमच्या अहवालाचा सगळा दोष तुमच्या खाण्यावर टाकणे मला अन्यायाचे वाटते.

आता हार्मोन्सचा भाग. त्वचेखालची चरबी हे जादा उष्मांक ठेवण्याचे त्यातल्या त्यात निर्धोक कोठार आहे. ज्यांच्याकडे हे कोठार मुळातच लहान असते, त्यांच्यात थोडे वजन वाढले तरी चरबी पोटातल्या अवयवांभोवती, यकृतात आणि स्नायूंत साठू लागते. पोटातल्या चरबीतून सुटणारी मेदाम्ले (फॅटी ॲसिड) थेट यकृताकडे जातात. ते यकृत मग इन्सुलिनला दाद देईनासे होते, उपाशीपोटीही साखर तयार करत राहते आणि जादा मेद ट्रायग्लिसराइडच्या रूपाने रक्तात सोडते. तुमच्या अहवालातला वाढलेला ट्रायग्लिसराइड आणि उतरलेला एचडीएल ही त्याच प्रक्रियेची खूण आहे. चरबीच्या पेशी स्वतःही हार्मोन्स तयार करतात. त्यांपैकी लेप्टिन चरबीच्या प्रमाणात वाढते, तर यकृताला आणि स्नायूंना इन्सुलिनचे ऐकायला लावणारे ॲडिपोनेक्टिन पोटातली चरबी वाढली की घटते. ही तूट भरून काढण्यासाठी स्वादुपिंड वर्षानुवर्षे अधिक इन्सुलिन सोडत राहते, आणि ते दमू लागले की साखर वर चढते. ५.७ ते ६.४ या टप्प्यातले एचबीए१सी मधुमेहपूर्व अवस्था दाखवते. तुम्ही त्याच टप्प्यात आहात.

जेवणानंतर रक्तातली साखर उचलण्याचे मोठे काम स्नायू करतात, आणि तुमच्यासारख्या माणसात आधीच कमी असते ते हेच. उपास करून, प्रथिने कमी करून वजन उतरवले की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. काटा खाली येतो, पण साखर उचलणारे हात कमी होतात. म्हणून तुमचे उद्दिष्ट वजन हे नसावे. आठवड्यातून किमान दोन-तीन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम करा. उठाबशा, भिंतीला टेकून किंवा जमिनीवर जोर, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे, एवढ्यावरही सुरुवात होते. त्याच्या जोडीला आठवड्याला किमान दीडशे मिनिटे झपाट्याने चालणे हवे. व्यायाम करणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही साखर आत घेतो आणि पुढचा एखादा दिवस इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतो, म्हणून व्यायामात दोन दिवसांपेक्षा मोठा खंड पडू देऊ नये. जेवणात दर किलो वजनामागे किमान ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुमच्यासाठी पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिने असू द्या. आपल्याकडे नाश्त्याला पोहे, दुपारी पोळी-भात आणि संध्याकाळी चहा-बिस्किटे असा दिवस सहज जातो आणि त्यात प्रथिने नावापुरतीच असतात. मटकीची घट्ट उसळ, पिठले, दही, पनीर, अंडी किंवा मासे प्रत्येक जेवणात यायला हवेत आणि त्यांच्यासाठी भात-पोळीने थोडी जागा सोडावी. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

कंबर मात्र आजच मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर, टेप न आवळता. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. तुमच्या बाबतीत पुढची प्रगती वजनाच्या काट्यापेक्षा ही टेपच अधिक खरी सांगेल.

दोन गोष्टी डॉक्टरांकडून तपासून घ्या. लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय असेल तर एचबीए१सी प्रत्यक्षाहून जास्त दिसू शकते, म्हणून उपाशीपोटीची आणि ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांनी केलेली साखरही पाहावी. दुसरे म्हणजे, पुन्हा पोटभर जेवू लागल्यावरही वजन घटत राहिले, किंवा तहान आणि लघवी वाढली, तर विलंब करू नका. सडपातळ प्रौढांमध्ये कधी कधी टाइप १ मधुमेह उशिरा सुरू होतो. त्याचे निदान आणि उपचार पूर्ण वेगळे असतात.

प्रश्न : माझी मुलगी २४ वर्षांची, अगदी सडपातळ आहे. तिची पाळी दोन-दोन महिने लांबते, चेहऱ्यावर मुरुमे आहेत. डॉक्टरांनी पीसीओएस, म्हणजे बीजकोशांशी निगडित हार्मोन्सचा बिघाड, सांगितला. हा आजार लठ्ठ मुलींना होतो ना? — एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, सडपातळ मुलींनाही तो होतो, आणि ‘हिला काय झालेय’ असे म्हणून त्यांच्याकडेच जास्त दुर्लक्ष होते, याचे मला वाईट वाटते. रक्तात इन्सुलिन वाढले की ते बीजकोशांना पुरुषी हार्मोन अधिक तयार करायला लावते. शिवाय त्या हार्मोनला रक्तात बांधून ठेवणारे एसएचबीजी हे प्रथिन यकृत कमी तयार करते, त्यामुळे मोकळे टेस्टोस्टेरॉन वाढते. मुरुमे, नको तिथले केस आणि लांबलेली पाळी यांचा उगम तिथे आहे. निदान पक्के करण्याआधी थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन ही पाळीवर परिणाम करणारी हार्मोन्स तपासलेली असावीत. वजन कितीही कमी असले तरी तिची साखर तपासून घ्याच, शक्यतो ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन केलेली चाचणी. तिला कमी खायला सांगू नका. उपासमारीने पाळी आणखी बिघडते. वरच्या उत्तरातला व्यायाम आणि प्रथिने तिलाही लागू आहेत. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचे औषध सुरू केले तर दीर्घकाळ घेतल्यावर बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, म्हणून ते अधूनमधून मोजावे. घर शाकाहारी असेल तर अधिकच.

प्रश्न : शरीरातली चरबी दाखवणारा वजनकाटा घ्यावा का? आणि इन्सुलिन, लेप्टिनच्या तपासण्यांचे पॅकेज करावे का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : असा काटा शरीरातून सौम्य विद्युतप्रवाह सोडून अंदाज बांधतो, पाणी कमी-जास्त प्याल्याने, जेवणाने किंवा व्यायामानेही आकडा बदलतो. घेतलाच तर सकाळी एकाच वेळी मोजून काही महिन्यांचा कल पाहावा. एखाद्या दिवशीच्या टक्क्याने अस्वस्थ होऊ नये. डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी चरबी, स्नायू आणि हाडे मोजणारी तपासणी, अधिक अचूक असते, पण बहुतेकांना तिची गरज पडत नाही. उपाशीपोटीच्या इन्सुलिनचे आकडे प्रयोगशाळेनुसार बदलतात आणि त्याला सर्वमान्य सीमारेषा नाही. लेप्टिन मोजल्याने उपचारात काहीच फरक पडत नाही. त्या पैशांत लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या मेदाची तपासणी), साखर, यकृताची चाचणी आणि रक्तदाब पाहा, आणि उरलेल्यात एक मोजपट्टी व चांगले बूट घ्या.