अमेरिकेतल्या छोट्या गावांत 'इतिहास मंडळ' असतं, तिथे नेमकं काय चालतं? आणि जुन्या गाडीवाटांचं त्यांना एवढं वेड का?

तुम्ही पुढे विचारलंय की आपल्यासारख्याने तिथे जावं का. जा की! मी ओलेथाला (कॅन्सस) राहायला आलो तेव्हा मलाही वाटायचं, दोनशे वर्षांचा तो इतिहास, त्यात बघायचं काय? एकदा वाचनालयात पुस्तकं परत करायला गेलो, शेजारच्या खोलीत फुकट कॉफी दिसली म्हणून आत शिरलो. आता महिन्याची बैठक सहसा चुकवत नाही.

पहिली वीस मिनिटं आपल्या गणेश मंडळासारखीच: मागचं इतिवृत्त, जमाखर्च, वर्गणी कोणाची राहिली. मग व्याख्यान आणि त्यानंतर प्रश्न. खरी मजा प्रश्नांत. एका ओढ्यात गाड्या नेमक्या कुठून उतरायच्या यावरून दोन सत्तरीतले आजोबा असे हमरीतुमरीवर आले की शेवटी १८५०च्या दशकातले सरकारी मोजणीचे नकाशे बाहेर काढावे लागले. मोजणीदार मैलामैलाचे चौकोन आखत जायचे आणि वाट जिथे रेघ ओलांडायची तिथे नोंद करायचे. ती जागा आता एका दुकानाचं पार्किंग निघाली. दोघेही थोडे हिरमुसले.

वेड लागायला जागाही तशीच आहे. मिझुरीतल्या इंडिपेंडन्सहून निघालेली वाट आमच्या शेजारच्या गार्डनरजवळ फुटते. एक फाटा नैऋत्येला सँटा फेकडे (ते तेव्हा मेक्सिकोत होतं), दुसरा वायव्येला ओरेगन आणि कॅलिफोर्नियाकडे. सँटा फेची वाट व्यापाऱ्यांची, १८२१ मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाल्यावर सुरू झालेली. ओरेगनची वाट बिऱ्हाडं घेऊन जाणाऱ्यांची: सुमारे २,००० मैल, चार ते सहा महिने. गाडीत सामानच इतकं की बहुतेक लोक बैलांशेजारी चालतच गेले. आणि सिनेमात काहीही दाखवोत, वाटेत बाणांपेक्षा पटकीने कितीतरी जास्त माणसं मेली.

एक गोष्ट मात्र खटकते. जुने सभासद या माळाला सहज 'मोकळी जमीन' म्हणून जातात. मोकळी कसली? १८२५ मध्ये कॅन्ससमधल्याच कौन्सिल ग्रोव्हला सरकारने इथल्या मूळच्या ओसेज लोकांकडून वाटेचा हक्क घेतला तो रोख आणि माल मिळून ८०० डॉलरांत. मी हे एकदा बोललो. क्षणभर शांतता, मग एक बाई म्हणाल्या, पुढचं व्याख्यान यावरच ठेवू. ठेवलंही.

माझा खरा प्रवेश झाला तो एका लोखंडी पट्टीमुळे. कुणाच्या तरी शेतात सापडलेली, गंजलेली, हातोहात फिरत माझ्याकडे आली. मी म्हटलं, ही तर धाव! आजोबांच्या बैलगाडीच्या चाकावर होती तीच. लोहार ती लाल तापवून चाकावर चढवायचा, वर पाणी ओतलं की आवळून बसायची. उन्हाळ्यात लाकूड आकसून धाव सैल व्हायची, मग आजोबा चाकं पाण्यात भिजत घालायचे. सगळे माना डोलवायला लागले. कोरड्या पश्चिमेत तांडेवालेही चाकं रात्रभर नदीत ठेवायचे किंवा पाचरी ठोकायचे.

आणि वर्षातून एकदा तरी माळावर फेरी असते. कॅन्सस सिटीतल्या मायनर पार्कमध्ये अजून खोलगट पट्टा दिसतो. दुपारी गेलात तर नुसतं गवत. ऊन तिरपं झालं की सावली पडते आणि एकाएकी चाकोरी उमटते. आपण चाकोरीतून सुटायला धडपडतो, हे लोक ती शोधायला पहाटे उठतात! त्यांच्यात अशा वेड्यांना टोपणनावही आहे, 'रट नट्स', म्हणजे चाकोरीवेडे. मला ते आता चालतं.

पहिल्या बैठकीला मागच्या रांगेत बसा, वर्गणीची घाई नको. फेरीला गेलात तर मात्र पॅन्ट मोज्यांत खोचा, वसंतात गोचिडी फार असतात.