डबक्याकाठी बस

पणजी,
कार्तिक शुद्ध एकादशी

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. ग्रांदे बेटाजवळ डायव्हिंग शिकायला पैसे साठवते आहेस, त्याशिवाय माशांचा अभ्यास सुरूच होणार नाही असं लिहिलं आहेस. पैसे साठव, जरूर शीक. पण त्याआधी हणजूणच्या खडकांवर जा, तिथल्या डबक्यांत राहणारी ब्लेनी नावाची छोटी मासळी बघायला. पौर्णिमा चार दिवसांवर आली. खरं उधाण तिच्यानंतरच्या एक-दोन दिवसांत असतं आणि सुकती, म्हणजे ओहोटीही, तेव्हाच सगळ्यात खाली जाते. मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीचं कोष्टक बघून घे आणि सुकती तळाला जाण्याच्या तासभर आधी पोच. चांगल्या पकडीच्या चपला घाल, खडकावरचं शेवाळ दगा देतं.

घोट्याएवढ्या पाण्याचं एकच डबकं निवड आणि बस. पाण्यावर सावली पडू देऊ नकोस. पहिली दहा मिनिटं काही दिसणार नाही. मग एखाद्या भोकातून बोथट तोंड बाहेर येईल. वर उंच बसलेले दोन डोळे, डोळ्यांवर भुवईसारखे बारीक झुपके. ही ब्लेनी. जेमतेम बोटाएवढी. बाजारात तिला गिऱ्हाईक नाही, म्हणून तिच्याकडे कुणी बघतही नाही.

त्याच डबक्यात गोबी नावाच्या दुसऱ्या मासळ्याही असतील आणि सुरुवातीला तुझी गफलत होईल. पाठीवर दोन वेगळे पर आणि पोटाखाली दोन पर जुळून झालेली वाटी, ती गोबी. खाडीतल्या चिखलात उड्या मारणारी आपली निवटी त्यांच्यातलीच. ब्लेनीच्या पाठीवर सहसा एकच लांब पर असतो आणि पोटाचे पर छातीच्या परांच्याही पुढे, गळ्यापाशी, दोन काड्यांसारखे. त्यांवर ती टेकून बसते. पूर्ण वाढलेल्या ब्लेनीला बहुधा वाताशय, म्हणजे तरंगायला मदत करणारी पोटातली हवेची पिशवी, नसतो, त्यामुळे ती पाण्यात तरंगत राहत नाही. हलली की परत दगडावर बसते. मला स्वतःला ओळख पटवायला हे बसणंच सगळ्यात उपयोगी पडलं.

अंगावर खवले नाहीत, नुसता बुळबुळीतपणा. त्या बुळबुळीत ओल्या कातडीचं मोल तिथं बसल्यावर कळतं. काही जाती सुकतीच्या वेळी पाण्याबाहेर ओल्या खडकावर राहतात, कातडीतूनही हवा घेतात आणि शेपटी वळवून एका डबक्यातून दुसऱ्यात उडी मारतात. दुपारच्या उन्हात डबकं तापतं, खारटपणा वाढतो. आषाढात तेच डबकं पावसानं गोडं व्हायला लागतं. एवढे चढउतार सोसणारा मासा काचेच्या टाकीत ठेवून समजत नाही. विद्यार्थी असताना मी एक ब्लेनी बाटलीत भरून घरी नेली होती. संध्याकाळपर्यंत ती मेली. मला तिच्याबद्दल काहीही कळलं नाही, आणि ती गोष्ट अजून खुपते. तू बाटली नेऊ नकोस. वही ने.

तिचं तोंड नीट बघ. शेवाळ खाणाऱ्या जातींचे दात फणीसारखे बारीक आणि दाटीनं बसलेले असतात. दगडावरचा हिरवा थर ती खरवडत जाते. ब्लेनींच्या या कुळात सुमारे 400 जाती आहेत. आपल्या किनाऱ्याच्या दोन जातींची पहिली शास्त्रीय वर्णनं एकाच वर्षी, 1836 साली, पॅरिसच्या व्हालेन्सियेन या मत्स्यशास्त्रज्ञानं छापली: एक मलबारहून नेलेल्या नमुन्यांवरून, दुसरी मुंबईच्या. ही मुंबईवाली, ओमोब्रँकस पंक्टाटस, खाडीच्या तोंडाशी कालवांच्या रिकाम्या शिंपल्यांत घर करते. जहाजांबरोबर ती अटलांटिक ओलांडून त्रिनिदाद, व्हेनेझुएला आणि ब्राझीलपर्यंत पोचली आहे. शिंपल्यात राहायची सवय असलेल्या माशाला जहाजाच्या तळाला चिकटलेले शिंपले म्हणजे आयतं घर, असं मला वाटतं.

मादी अंडी भोकात किंवा शिंपल्याच्या आतल्या बाजूला चिकटवते आणि निघून जाते. राखण नर करतो. पर हलवून अंड्यांवर पाणी वाहतं ठेवतो, जवळ येणाऱ्यावर धावून जातो. पिल्लं बाहेर पडली की समुद्राच्या प्रवाहाबरोबर जातात आणि वाढल्यावर कुठल्यातरी खडकावर उतरतात. म्हणून एक विनंती. दगड उलटलास तर तसाच, त्याच बाजूनं परत ठेव. उलटा राहिला तर खालची अंडी उन्हात सुकतात आणि नर रिकाम्या जागेभोवती फिरत राहतो.

असा राखणदार सापडला तर घड्याळ लावून बस. अर्ध्या तासात तो किती वेळा बाहेर आला, कुणावर धावला, केव्हा खाल्लं, एवढंच टिपून ठेव. भरतीचं पहिलं पाणी डबक्यात शिरलं की त्याचं वागणं बदलतं का तेही बघ, आणि मग मात्र लगेच ऊठ, लाट पाठीमागून येते. पुढच्या रविवारी वही घेऊन घरी ये.

तुझे,
सर