डोळे टॉवेलवरच असतात, तरी डाग सुटतो कसा?

प्रश्न: मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला आहे. डाग, तुटलेला धागा, ओढलेला लूप दिसला की पीस बाजूला काढायचा, एवढंच काम. सकाळी ठीक जातं पण नंतर खराब पीस पण चांगल्याच्या गठ्ठ्यात जातो, कधी तर डाग दिसेपर्यंत हातानं घडी घातलेली असते. सुपरवायझर म्हणतात तुझं लक्षच नसतं. मला काही आजार आहे का ओ?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: ताई, आजार नाही आणि कामचुकारपणा तर अजिबात नाही. दुसऱ्या महायुद्धात रडारवर पाणबुड्या शोधणारे ब्रिटिश सैनिक पण असेच चुकायचे, म्हणून नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी चाचणी घेतली (1948 ला छापून आली), घड्याळासारखा एक काटा दर सेकंदाला एक घर सरकायचा, क्वचित कधीतरी दोन घरं, तेवढंच ओळखायचं, सलग दोन तास. धडधाकट पोरं, तरी पहिल्या अर्ध्या तासातच चुका वाढल्या! काहीजण म्हणतात कंटाळून मन भरकटतं, काही म्हणतात असं टक लावून बघण्यातच डोकं थकतं, आणि मला हे दुसरं जास्त पटतं कारण अशा कामानंतर लोक खरंच दमल्याचं सांगतात. त्यात दोष जितके कमी तितके ते जास्त सुटतात, म्हणजे माल चांगला निघतो त्या दिवशीच धोका जास्त.

घडी आधी, डाग नंतर, ही चूक मात्र वेगळी. 1997 च्या एका चाचणीत स्क्रीनवर 1 ते 9 आकडे येतात, प्रत्येकाला बटण दाबायचं, फक्त 3 ला नाही, तरी लोक 3 ला दाबतातच आणि लगेच कळतं की चुकलं. हाताला लय लागलेली असते, चुकीच्या आधी वेग पण वाढलेला असतो. म्हणून बघणं आणि घडी एकत्र करू नका, आधी दोन्ही बाजू बघून पीस खाली ठेवा, मगच घडी, पीस थोडे कमी होतील पण होऊ द्या.

सुपरवायझरना सांगा, अर्धा तास चेकिंग मग अर्धा तास पॅकिंग अशी अदलाबदल करून बघा, मॅकवर्थच्या चाचणीत अर्ध्या तासाआड विश्रांती मिळालेल्यांचं लक्ष टिकलं होतं, आणि बरोबर-चूक तिथल्या तिथं सांगितलं तेव्हा पण फरक पडला. महिनाअखेरीला एकदम बोलणी खाऊन काही होत नाही. झोप नीट होते का तेवढं बघा. घरी पण गॅस चालू राहणं, बोलता बोलता विषय विसरणं असं व्हायला लागलं तर डॉक्टरांना दाखवा, नुसत्या चेकिंगसाठी गरज नाही.