वैमानिकांना दिसणाऱ्या अनोळखी वस्तूंची लष्कर खरंच चौकशी करतं, की सगळं दडपून टाकतं?

चौकशी करतं आणि दडपतंही. पण दडपलेली गोष्ट बरेचदा त्यांची स्वतःचीच निघते.

७ जानेवारी १९४८ ला अमेरिकेत केंटकीवर कॅप्टन थॉमस मँटेल एका चकाकणाऱ्या वस्तूचा पाठलाग करत एफ-५१ विमान वर वर नेत गेला. सोबत ऑक्सिजन नव्हता. विमान कोसळलं, तो गेला. चौकशीवाले आधी ‘शुक्र दिसला असेल’ म्हणून मोकळे झाले. आज सगळ्यात पटणारं कारण मानतात ते स्कायहूक फुग्याचं. हे अमेरिकी नौदलाचे अवाढव्य फुगे तेव्हा गुप्त होते. या हाताचं त्या हाताला ठाऊक नव्हतं.

पुढे तिथल्या हवाई दलाने १९५२ ते १९६९ ‘ब्लू बुक’ नावाने चौकशी चालवली. आधीच्या नोंदी धरून १२,६१८ प्रकरणं तपासली, त्यातली ७०१ उलगडली नाहीत. यूट्यूबवाले हा ७०१ चा आकडा नाचवतात. मला त्यात फार काही दिसत नाही. वेळ, अंतर, दिशा यांपैकी काहीच धड नोंदलेलं नसेल तर उलगडणार काय, कप्पाळ? २०२१ च्या अमेरिकी अहवालातही १४४ पैकी एकाच प्रकरणाचा खात्रीने छडा लागला. तो हवा गेलेला मोठा फुगा होता. बाकीच्यांत मुख्य अडचण माहिती अपुरी असल्याची.

आपल्याकडे १९ नोव्हेंबर २०२३ ला इंफाळ विमानतळावर असंच काही दिसलं. उड्डाणं थांबवली, राफेल पाठवली, हाती काही लागलं नाही. पण शिकण्यासारखं प्रकरण लडाखचं. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ दरम्यान आपल्या जवानांनी सीमेवर उडणाऱ्या दिव्यांच्या ३२९ नोंदी केल्या. संशय चिनी ड्रोनचा. शेवटी बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या लोकांना बोलावलं. दिवा किती वाजता, क्षितिजाच्या कुठल्या बाजूला, कसा सरकतो, हे रोज टिपलं आणि ग्रहांच्या स्थितीशी ताडून पाहिलं. निघाले गुरू आणि शुक्र! जवानांना हसू नका. तिथली हवा विरळ, ग्रह डोळ्यात खुपतील इतके तेजस्वी, आणि समोर चीन. पहाऱ्यावरच्या माणसाने नोंद करायलाच हवी.

आम्ही नागपूरकरांनीही २ एप्रिल २०२२ ला, ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, हा अनुभव घेतला. गच्चीवरून पाहिलं तर जळते तुकडे एकामागोमाग, एकाच रेषेत, सावकाश चालले होते. आवाज नाही. कोणी म्हणे विमान पेटलं, कोणी म्हणे मिसाईल, शेजारचे काका थेट ‘एलियन आले बाप्पा’ वर पोचले. उल्का अशी रेंगाळत नाही, क्षणात विझते. त्यामुळे हे मानवनिर्मित काहीतरी परत येतंय, असा अंदाज मला आला होता. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात धातूचं भलंमोठं कडं पडलेलं सापडलं. जाणकारांच्या मते ते चिनी रॉकेटच्या टप्प्याचे अवशेष होते.

परग्रहवासीयांचं म्हणाल, तर पेंटागॉनच्या २०२४ च्या अहवालाला तसा कुठलाही पुरावा मिळालेला नाही. तुम्हाला कधी काही दिसलं तर व्हिडिओत झाडाचा शेंडा किंवा इमारतीचा कोपरा येऊ द्या आणि वेळ लिहून ठेवा. नुसत्या काळ्या आकाशातल्या ठिपक्यावरून कोणालाच काही सांगता येत नाही.