फुगवलेला साठा आणि तुमची सही

प्रश्न : मी एका प्रायव्हेट लिमिटेड कारखान्यात कॉस्टिंग, म्हणजे उत्पादन खर्चाचा हिशेब, पाहतो. ३१ मार्चच्या साठ्यात ४० टक्के झालेलं काम ८० टक्के दाखवा, रिजेक्ट माल तयार मालात धरा, असं संचालक तोंडी सांगतात. गेल्या वर्षी मी तसं केलं. कर्जासाठी बँकेला द्यायचं साठ्याचं विवरण (स्टॉक स्टेटमेंट) माझ्याच सहीनं जातं. राजीनामा देऊन सुटेन का?

उत्तर : नाही. राजीनाम्यानं पुढच्या सह्या टळतील. झालेली पुसली जात नाही.

कंपनी कायदा २०१३ चं फसवणुकीबाबतचं कलम ४४७ फक्त संचालकांपुरतं नाही. फसवणुकीची रक्कम १० लाख किंवा उलाढालीच्या १ टक्का, यांतल्या कमी आकड्याइतकी वा जास्त असली, की शिक्षा ६ महिने ते १० वर्षं, वर दंड. तुम्हाला एक रुपयाही मिळाला नसला तरी फरक पडत नाही. खोट्या हिशेबांबाबतच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४४ मध्ये तर कारकून आणि नोकर यांचा थेट उल्लेख आहे. दोन्हीकडे प्रश्न हेतूचा असतो, म्हणून तुमचा लेखी विरोध मोलाचा.

हे लपतही नाही. यंदाचा अखेरचा साठा पुढच्या वर्षीचा सुरुवातीचा साठा होतो आणि तेवढा नफा खातो. तो भरून काढायला आणखी फुगवावं लागतं. शेवटी जॉब कार्ड (प्रत्येक कामाच्या प्रगतीची नोंद), माल दिल्याच्या स्लिपा आणि साठा यांचा मेळ बसेनासा होतो. बँकेनं मंजूर केलेली खेळत्या भांडवलाच्या कर्जाची मर्यादा ५ कोटींच्या वर असेल, तर बँकेला दिलेली तिमाही विवरणं पुस्तकांशी जुळतात का, हे ऑडिटरला अहवालात लिहावं लागतं.

आता सही करू नका. संचालकांना ई-मेल करा : अमुक तारखेला आपण असं सांगितलं, जॉब कार्डांवर काम ४० टक्केच आहे, मी हे प्रमाणित करू शकत नाही. गेल्या वर्षीच्या नोंदी गुपचूप उलटवू नका. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहणं सक्तीचं आहे. ती दुरुस्ती पुरावा नष्ट केल्यासारखी दिसेल. आपले ई-मेल आणि सही केलेले तक्ते जपा, पण कंपनीचा सगळा डेटा घरी नेऊ नका. उलट तुमच्यावरच चोरीची तक्रार होईल.

ऑडिटरकडे जाण्याआधी फौजदारी वकिलाला भेटा. ऑडिटरला दिलेलं तुमचं पत्र ही कबुलीही ठरू शकते. शिवाय १ कोटी वा त्यावरची फसवणूक ऑडिटरला केंद्र सरकारला कळवावी लागते. त्याखालची संचालक मंडळाला, म्हणजे तुमच्या बाबतीत बहुधा त्याच माणसांना. संचालक दुरुस्तीला तयार झाले, तर कंपनी कायद्याच्या कलम १३१ खाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मंजुरीनं जुने ताळेबंद सुधारता येतात. बँकेलाही सुधारित विवरण द्यावं लागेल.