मनात आलं म्हणजे मी तसाच का?

हल्ली आमच्या समुपदेशनाच्या खोलीत एकच काळजी दोन तोंडांनी येते. आईवडील म्हणतात, "पोरगं माणसांत बसत नाही, रात्रभर फोनमधल्या एआयशी बोलतं. डोक्यावर परिणाम झालाय का?" आणि आईवडील बाहेर जाऊन बसले, की तेच पोरगं खाली मान घालून विचारतं, "मॅडम, माझ्या मनात फार वाईट येतं. मी वाईट माणूस आहे का?" दोन्ही प्रश्नांचं मूळ पुष्कळदा एकाच जागी असतं, म्हणून ही हकीगत लिहिते. मुलाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

खानापूर तालुक्यातलं गाव. मुलगा एकवीस वर्षांचा, बेळगावात कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला, अनगोळात मित्रांबरोबर खोली करून राहणारा. वडील माळकरी. त्यांनीच त्याला धरून आणलं होतं. "पोरगं घरला येईना झालंय बघा. थोरली बाळंतपणाला आलीया. भाच्याचं तोंड बघायला एकदा आला, दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं पळाला. रात्रभर त्या फोनसंगट काय करूलाय कुणास ठाऊक. काढून घेऊ काय फोन?" त्यांना संशय होता प्रेमप्रकरणाचा, नाहीतर ऑनलाइन गेममध्ये पैसे गेल्याचा. आपल्याकडे वडिलांच्या डोक्यात आधी याच दोन गोष्टी येतात.

खरं कारण होतं परसातला आड. भाच्याला घेऊन तो मागच्या दारी उभा होता, आई पाणी शेंदत होती, आणि मनात एकदम आलं, "ह्याला आत टाकलं तर?" एवढंच. हात गार पडले. बाळ बहिणीकडे देऊन तो जो निघाला, तो महिनोन्‌महिने गावाकडे फिरकला नाही. कारण त्याच्या लेखी आता त्या घरात बाळाला धोका होता, आणि तो धोका म्हणजे तो स्वतः.

कुणाला सांगणार? त्या रात्री त्यानं एआयला विचारलं. उत्तर बरोबर आलं: असे नकोसे विचार बहुतेकांना येतात, ते आले म्हणून माणूस तसा होत नाही. त्याला झोप लागली. दुसऱ्या दिवशी नवी शंका उभी राहिली: "पण घाबरण्याआधी अर्धा क्षण मला काहीच वाटलं नाही, त्याचं काय?" पुन्हा विचारलं. मग मराठीतलं उत्तर आणि इंग्रजीतलं उत्तर जुळतं का ते पाहिलं. मग कन्नडमध्ये. तिन्ही भाषांत निर्दोष ठरला, तरच झोप. धीर देणाऱ्या उत्तरांचे स्क्रीनशॉट त्यानं एका फोल्डरमध्ये ठेवले होते आणि फोल्डरला नाव दिलं होतं 'ओके'. मला दाखवताना अंगठा सरकवत होता, सरकवत होता, तळ येईना.

एके रात्री मात्र प्रश्न जरा जास्त गडद शब्दांत विचारला गेला आणि उत्तरात लगेच मदत घेण्याचा सल्ला आणि हेल्पलाइनचा नंबर आला. "मशीनलासुद्धा मी डेंजर वाटलो," तो म्हणाला.

गंमत अशी, की हे यंत्र चालतं कसं हे त्यानंच मला फळ्यावर काढून दाखवलं. पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, याचा अंदाज करत ते वाक्य जुळवतं. निवडीत थोडी सोडत मुद्दाम ठेवलेली असते, त्यामुळे तोच प्रश्न दोनदा विचारला तरी शब्द बदलतात. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होईल असं काही दिसलं, की मदतीचा नंबर देण्याची तजवीज बनवणाऱ्यांनीच केलेली असते. सगळं माहीत होतं त्याला, आणि तरीही रात्री अडीच वाजता तो शब्द बदलला म्हणजे निकाल बदलला असं धरून बसायचा. यात त्याला हसण्यासारखं काही नाही. १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटीत जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' हा प्रोग्रॅम जगापुढे मांडला. समोरच्याचंच वाक्य उलटवून प्रश्न करायचा, एवढीच त्याची अक्कल. तो बनताना महिनोन्‌महिने पाहिलेल्या त्यांच्या सेक्रेटरीनं त्याच्याशी थोडं बोलल्यावर वायझेनबॉमनाच खोलीबाहेर जायला सांगितलं होतं.

मी त्याला विचारलं, "गावात कौल लावतात?" लावतात म्हणाला. देवाला फुलं चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं, उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. "एकाच कामासाठी रात्रीतून चाळीस वेळा कौल लावला तर?" तो हसला. "गुरव हाकलून देईल." नेमकं हेच. हा गुरव हाकलत नाही, दमत नाही, झोपतही नाही. उत्तर चुकीचं होतं असं मी म्हणत नाही, पहिलं उत्तर तर मीही तेच दिलं असतं. पण धीर मिळाला की शंका तेवढ्यापुरती निवते आणि पुढच्या वेळी आणखी जोरानं येते, कारण मन शिकतं की विचारल्याशिवाय आपली सुटका नाही. नकोसा विचार पुन्हापुन्हा येणं आणि तो निववायला तेच तेच करत राहणं, या आजाराला ओसीडी म्हणतात. लोकांना वाटतं ओसीडी म्हणजे सारखे हात धुणं. इथे धुतला जात होता तो प्रश्न.

विचारांबद्दल एक गोष्ट मात्र माहिती म्हणून सांगावीच लागते. १९७८ मध्ये रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी कोणताही मानसिक आजार नसलेल्या लोकांना विचारलं, तेव्हा सुमारे ८० टक्के लोकांनी असे नकोसे, कधी हिंसक, कधी किळसवाणे विचार येतात असं सांगितलं. २०१४ च्या एका अभ्यासात १३ देशांतले ७७७ विद्यार्थी होते. त्यांतल्या जवळपास ९४ टक्क्यांना मागच्या तीन महिन्यांत असा एखादा तरी विचार आला होता. फरक विचारात नसतो, त्याला दिलेल्या वजनात असतो. विचार आणि कृती यांना एकाच तागडीत घालण्याची खोड ज्याच्या मनाला असते, तो अडकतो.

पण मुलगा हुशार, आणि प्रश्न नुसता मानसशास्त्राचा नव्हता. "कायद्यातही हेतू बघतात ना? आणि आबा कायम म्हणतात, काया-वाचा-मने. मनानं केलं तेही पापच."

यावर माझं मत पक्कं आहे. नीती सुरू होते ती निवडीपासून. अचानक आलेला विचार कुणी निवडत नाही. तो धरून ठेवायचा, त्याची आखणी करायची, त्यात रमायचं, ही निवड झाली. हेतू म्हणतात तो हा. आडाजवळ त्याला जे आलं, ते येताक्षणी त्यानं बाळ बहिणीच्या हातात दिलं. नीतीच्या बाजूनं पाहिलं तर त्या दिवशी त्यानं केलेली कृती तेवढी एकच.

तरी निर्णायक बोलले ते वडीलच. मुलाच्या संमतीनं त्यांना आत बोलावलं आणि त्यानं अडखळत सगळं सांगितलं. मला वाटलं आता प्रवचन होणार. ते थोडा वेळ माळ चाचपत बसले. मग म्हणाले, "खानापूर ठेसनात गाडी येताना मी मागं सरून उभा ऱ्हातो. उडी टाकली तर, असं येतंय मनात. तरण्यापणापास्नं येतंय. कुणाला सांगायचं आणि?" मुलगा त्यांच्याकडे बघतच राहिला.

हेच त्यांनी रोज सांगितलं असतं, तर तेही 'ओके' फोल्डरमध्येच गेलं असतं. म्हणून घरातल्यांना बजावलं: "मी वाईट आहे का?" असं विचारलं, तर "नाहीस रे" म्हणायचं नाही. "याचं उत्तर द्यायचं नाही असं ठरलंय," एवढंच प्रेमानं सांगायचं आणि हातातलं काम पुढे न्यायचं. हे आईला सगळ्यात जड गेलं.

बाकी उपचार तसे रुक्ष आहेत. मानसोपचारतज्ज्ञांनी तपासून गोळी सुरू केली. या गोळ्यांचा पुरता अंदाज यायला आठ ते बारा आठवडे लागतात, आणि दोन आठवड्यांत "काही फरक नाही" म्हणून सोडून देणारे फार. आमच्याकडे काम होतं ज्याची भीती त्याच्या जवळ जाण्याचं आणि खात्री न करता थांबण्याचं. आधी फोल्डर पुसला. मग विचारायची हुक्की आली की अर्धा तास थांबायचं, मग तास. मग शनिवारी गावी जायचं, बाळ असलेल्या खोलीत बसायचं, आणि शेवटी बाळ घेऊन मागच्या दारी.

तारीख ठरलेली होती, कारण उष्टावण जवळ आलं होतं आणि मामाशिवाय उष्टावण कसं व्हायचं? पाटावर बसून, बाळ मांडीवर घेऊन, अंगठीनं खीर त्यानंच चाटवली. तो विचार त्या वेळीही आला, असं त्यानं नंतर सांगितलं. रात्री फोन हातात घेतला होता, विचारलं मात्र नाही. पुढच्या आठवड्यात दोनदा विचारलं. हे असंच चालतं.

फोन काढून घेण्याबद्दल: ओसीडीत त्याचा उपयोग नाही. पोरगं मित्राला विचारेल, नाहीतर तुम्हाला. आधी तो फोनला काय विचारतो ते ऐका. विचार नकोसा वाटतो, त्याची भीती वाटते, माणूस त्यापासून पळतो, असं असेल तर बहुधा हाच प्रकार आहे. पण कुणी आज्ञा देणारे आवाज ऐकू येतात म्हणत असेल, राग धरून बेत आखत असेल, जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल, किंवा बाळंतिणीला दिवसरात्र झोप नसून ती असंबद्ध बोलत असेल, तर समुपदेशकाची वेळ घेत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. धारवाडला सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस मोफत चालतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं, कन्नडमध्येही.